रक्त वाढावे म्हणून ज्यूस?

उन्हाळा लागला की दवाखान्यात एक प्रश्न हमखास येतो. "डॉक्टरसाहेब, पोरगी जेवतच नाही. रक्त कमी सांगितलं आहे. तिला डब्यातला ज्यूस चालू करू का?" मी नको म्हणतो. साखर फार असते, हे कारण बहुतेकांना पटते. पण दुसरे एक कारण आहे आणि त्याची आपल्याकडे फारशी चर्चा होत नाही. ते कारण म्हणजे जड धातू: शिसे, कॅडमियम आणि आर्सेनिक, म्हणजे जुन्या लोकांचा सोमल.

फळांच्या रसात धातू येणार कुठून, असे कोणीही विचारील. ते येतात जमिनीतून, पाण्यातून आणि जुन्या फवारणीतून. अमेरिकेत सफरचंदाच्या बागांवर पूर्वी शिसे आणि सोमल असलेले औषध मारत. ते बंद होऊन कित्येक वर्षे झाली, पण धातू कुजत नाही, विरत नाही. तो त्या मातीतच राहिला. २०१९ साली तेथील 'कन्झ्युमर रिपोर्ट्स' या ग्राहक संस्थेने बाजारातले ४५ रस तपासले. त्यांपैकी २१ रसांत या धातूंचे प्रमाण काळजी वाटावी इतके निघाले. पुढे २०२३ साली तेथील सरकारने सफरचंदाच्या रसातील सोमलासाठी लिटरमागे १० मायक्रोग्रॅम ही मर्यादा ठरवली. पिण्याच्या पाण्यालाही तेवढीच मर्यादा आहे.

दुसरी वाट बाटलीची. आंबट पदार्थ भांड्यातला धातू ओढून घेतो, हे आपल्या आजीला पुस्तक न वाचता ठाऊक होते. पितळेच्या भांड्यात ताक कळकते, म्हणून तर कल्हई करायची. आता भांडे प्लास्टिकचे आले. पेट बाटलीचे प्लास्टिक तयार करताना अँटिमनी वापरतात आणि बाटली तापली की ते थोडे थोडे पेयात उतरते. २०१६ साली कोलकात्याच्या एका केंद्रीय संस्थेने पेट बाटल्यांतील शीतपेये तपासली, तेव्हा त्यांत अँटिमनी, शिसे, क्रोमियम आणि कॅडमियम आढळले होते. ती शीतपेये होती, फळांचे रस नव्हेत. पण रसही अशाच बाटल्यांतून विकला जातो. आता आपल्या नागपूरचा मे महिना डोळ्यांसमोर आणा. पारा ४५ अंशांवर आणि दुकानाबाहेर बाटल्यांचे क्रेट दुपारभर उन्हात. संध्याकाळी त्याच बाटल्या फ्रीजमध्ये जातात. गिऱ्हाइकाच्या हातात थंडगार बाटली येते; ती दिवसभर किती तापली होती, हे त्याला कोण सांगणार?

एक डबा प्यायल्याने कोणी आजारी पडत नाही, हेही सांगितले पाहिजे. शिशाच्या बाबतीत हळदीतली भेसळ, जुना रंग, भट्टीत वितळवलेल्या बॅटऱ्या हे रसापेक्षा मोठे शत्रू आहेत. पण शिसे हाडांत साठत जाते आणि त्याचे कोणतेही प्रमाण सुरक्षित म्हणता येत नाही, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. मोठ्या माणसापेक्षा लहान मुलाचे आतडे ते कितीतरी जास्त शोषते. त्यातही अंगात लोह कमी असेल तर आणखी जास्त. म्हणजे रक्त वाढावे म्हणून जिला ज्यूस पाजायचा, त्याच मुलीला शिशाचा धोका अधिक. ताप येत नाही, पुरळ येत नाही. मूल नुसते चिडचिडे होते, अभ्यासात मागे पडते. मास्तर म्हणतात लक्ष नाही, आणि विषय तिथेच संपतो.

रक्त कमी असेल तर आपल्या विदर्भात आधी सिकलसेलची तपासणी करावी, मग डॉक्टर सांगतील तसे लोहाचे औषध द्यावे. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१९ साली सांगितले आहे की, दोन वर्षांखालील मुलांना रस देऊच नये आणि दोन ते पाच वर्षांच्या मुलांना फार तर दिवसाला १२५ मिलि. माझे मत याहून कडक आहे. ज्या गावाची ओळखच संत्री आहे, तिथे डबा कशाला? हंगामात संत्री सोलून द्या. चोथा पोटात गेला तर चांगलेच. उन्हाळ्यात टरबूज आहे, कैरीचे पन्हे आहे. पन्हे मात्र स्टीलमध्ये किंवा माठात ठेवा, पितळेत नको.

सरकारकडूनही अपेक्षा आहे. २०१५ साली मॅगीतल्या शिशावरून देशभर गदारोळ झाला, बंदी आली. तपासणाऱ्या प्रयोगशाळांना रीतसर मान्यता नव्हती म्हणून मुंबई उच्च न्यायालयाने ऑगस्टमध्ये ती उठवली, आणि फेरतपासणीत शिसे मर्यादेत निघाले. ओरड झाल्यावर घाईने केलेल्या तपासणीचे हे असे होते. अन्न व औषध प्रशासनाने दरवर्षी एप्रिल-मे महिन्यांत दुकानाबाहेरच्या उन्हातल्या मालाचे नमुने घ्यावेत, मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत तपासावेत आणि आकडे वर्तमानपत्रांत द्यावेत. डब्यावर साखर किती ते छापलेले असते, शिसे किती ते नसते. २०२४ साली 'शंभर टक्के फळांचा रस' हे शब्द कंपन्यांना वेष्टनावरून काढावे लागले. तसाच प्रत्येक लॉटचा धातूंचा अहवालही त्यांना जाहीर करायला लावता येईल.

तोवर ग्राहकाच्या हाती एक गोष्ट आहे. अन्न सुरक्षा कायद्याच्या कलम ४० प्रमाणे कोणताही खरेदीदार शुल्क भरून सरकारी अन्न विश्लेषकाकडून पदार्थ तपासून घेऊ शकतो. मात्र घेतानाच दुकानदाराला तसे सांगावे लागते. दोष निघाला तर शुल्क परत मिळते. एकट्याने हे करणे जड जाईल. एखाद्या ग्राहक संघटनेने किंवा शाळेच्या पालक संघाने येत्या मे महिन्यात पाच-सहा बाटल्या घेऊन ही तपासणी करून पाहावी.