रायफल एकदाच, छर्रे रोज

स्वप्नील कुसाळे यांनी 2024 ला पॅरिसमध्ये कांस्यपदक जिंकले, तेव्हापासून माझ्या वर्गातली एक मुलगी रायफल मागते आहे. तिचे अब्बा विचारायला आले, "सर, कोणती घ्यावी?"

मी म्हणालो, 4.5 मिलिमीटरची एअर रायफल. कुसाळेंच्या 50 मीटर प्रकारातली .22 बोअरची असते. तिला परवाना लागतो, काडतुसेही परवान्यावरच मिळतात आणि महाग पडतात. छर्रे डबीने मिळतात, स्वस्त असतात. रायफल एकदाच घ्यायची, गोळी रोज लागते. गोळ्या परवडल्या नाहीत तर महागडी रायफल कपाटात पडून राहते.

यात स्वप्न लहान होत नाही. अभिनव बिंद्राचे 2008 चे सुवर्ण एअर रायफलचेच. आता तालुक्याला एक दहा मीटरची रेंज आपण सगळ्यांनी मागायला हवी.