प्राजक्ता माळी आणि सुरेश धस वाद: सरपंचाच्या खुनाच्या चर्चेत अभिनेत्रीचं नाव आलं आणि खरा प्रश्न कसा हुकला?

तारीख २८ डिसेंबर २०२४, वार शनिवार. बीड शहरात त्या दिवशी सर्वपक्षीय मोर्चा होता. केज तालुक्यातल्या मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांचं ९ डिसेंबरला अपहरण झालं आणि त्यांचा खून करण्यात आला. तीन आठवडे होत आले तरी सगळे आरोपी हाती लागले नव्हते, म्हणून लोक रस्त्यावर उतरले होते.

त्याच दिवशी मुंबईत अभिनेत्री प्राजक्ता माळी पत्रकार परिषद घेत होत्या. त्यांचा मस्साजोगशी काडीचाही संबंध नव्हता. तरीही त्यांचं नाव या सगळ्यात आलं होतं. ते कसं आलं आणि त्यात नेमकं कुणाचं नुकसान झालं, हे समजून घेऊ.

नेमकं काय झालं होतं?

देशमुख यांच्या खुनामागे पवनचक्की प्रकल्पाच्या कंपनीकडे मागितलेल्या दोन कोटींच्या खंडणीचं प्रकरण असल्याचा आरोप होता. त्यात वाल्मिक कराड यांचं नाव पुढे आलं. कराड हे परळीचे आमदार आणि तेव्हाचे मंत्री धनंजय मुंडे यांचे निकटवर्तीय म्हणून ओळखले जात. त्यामुळे टीकेचा रोख थेट मुंडेंकडे वळला.

हा विषय सर्वात जोरात लावून धरणाऱ्यांमध्ये आष्टीचे भाजप आमदार सुरेश धस होते. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात माध्यमांशी बोलताना त्यांनी 'परळी पॅटर्न'वर टीका केली. परळीत इव्हेंट मॅनेजमेंट कसं चालतं हे सांगताना त्यांनी रश्मिका मंदाना, सपना चौधरी आणि प्राजक्ता माळी अशी तीन नावं घेतली. तिन्ही नावं बायकांची होती.

यावर माळी यांचं म्हणणं असं होतं: मुंडे यांच्याशी भेट झाली ती एकदाच, तीही जाहीर कार्यक्रमात, स्टेजवर सत्कार स्वीकारताना. त्याच प्रसंगाच्या फोटोवरून सोशल मीडियावर वावड्या उठल्या. दीड महिना त्या गप्प राहिल्या, पण एका लोकप्रतिनिधीने नाव घेतल्यावर गप्प बसणं शक्य नव्हतं. परळीला पुरुष कलाकार कधी गेलेच नाहीत का, असा त्यांचा सवाल होता. त्यांनी जाहीर माफी मागितली जावी अशी मागणी केली, राज्य महिला आयोगाकडे धाव घेतली आणि २९ डिसेंबरला मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांची भेट घेतली. आपण कुणाचा अपमान केलेला नाही, असं आधी म्हणणाऱ्या धस यांनी ३० डिसेंबरला दिलगिरी व्यक्त केली.

कलाकार परळीत का येतात?

याचं उत्तर अगदी साधं आहे. बोलावणं येतं आणि पैसे मिळतात, म्हणून.

मनोरंजनाच्या धंद्यात अशा कार्यक्रमाला 'सुपारी' म्हणतात. गणेशोत्सव, दहीहंडी, वाढदिवस, दुकानाचं उद्घाटन, महोत्सव, काहीही असू शकतं. आयोजक इव्हेंट कंपनीला सांगतो, कंपनी कलाकाराच्या मॅनेजरशी बोलते, ॲडव्हान्स येतो, तारीख ठरते. कलाकार येतो, नाचतो किंवा दोन शब्द बोलतो, सत्कार घेतो आणि रात्रीच परत निघतो. स्टेजवर शेजारी कोण उभं राहणार हे तो ठरवत नाही.

मालिका-सिनेमातल्या बऱ्याच कलाकारांसाठी ही कमाईची मोठी बाजू आहे. नेत्यालाही त्यातून हवं ते मिळतं. नुसत्या भाषणाला न येणारी गर्दी टीव्हीवरचा चेहरा बघायला येते आणि फ्लेक्सवर नेत्याचा फोटो त्या चेहऱ्याच्या बाजूला झळकतो. परळीत नाथ प्रतिष्ठानचा गणेशोत्सव अशाच कार्यक्रमांसाठी ओळखला जातो. पण हे एकट्या परळीत घडतं असं नाही. ठाण्याच्या दहीहंडीपासून तालुक्याच्या महोत्सवापर्यंत सगळीकडे हेच गणित आहे आणि त्यातून कुठलाच पक्ष सुटलेला नाही.

मग पुरुष कलाकारांचं काय?

बीडला नट नवे नाहीत. २०१५ च्या दुष्काळात नाना पाटेकर आणि मकरंद अनासपुरे मराठवाड्यातल्या शेतकरी कुटुंबांना मदत करत होते आणि त्यातूनच 'नाम' फाउंडेशन उभं राहिलं. सयाजी शिंदे यांनी बीडजवळ पालवणला सह्याद्री देवराई उभी केली, तिथे फेब्रुवारी २०२० मध्ये वृक्ष संमेलनही झालं. शिंदे पुढे, ऑक्टोबर २०२४ मध्ये, अजित पवारांच्या राष्ट्रवादीत गेले. त्यावर राजकीय चर्चा झाली, चारित्र्याची झाली नाही.

समाजकार्य आणि सुपारी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मान्य. पण सुपारी घेऊन आलेल्या गायकाबद्दल किंवा विनोदी नटाबद्दलही 'हा कुणासाठी आला?' असं सूचक हसून कुणी विचारत नाही. त्याने किती पैसे घेतले, एवढंच विचारतात. बाई स्टेजवर आली की मात्र प्रश्न बदलतो. तमाशाच्या फडातल्या कलावंतिणींनी हे पिढ्यान्‌पिढ्या सोसलं. ऑक्टोबर २०२४ मध्ये आलेल्या 'फुलवंती'त माळी यांनी नर्तकीचीच भूमिका केली होती आणि त्या या सिनेमाच्या निर्मात्याही होत्या. स्वतःच्या पैशाने सिनेमा काढणाऱ्या बाईलाही ही नजर चुकत नाही.

हुकलेला प्रश्न

धस यांच्या बोलण्यात एक रास्त प्रश्न दडलेला होता. ज्या जिल्ह्यातून दरवर्षी लाखो माणसं ऊसतोडीला बाहेर पडतात, तिथे महागडे तारे आणायला पैसा येतो कुठून?

हा प्रश्न विचारायचा तर तो कागदावर विचारता येतो. सार्वजनिक विश्वस्त संस्थांना आपले हिशेब धर्मादाय आयुक्तांकडे द्यावे लागतात. उत्सवासाठी वर्गणी गोळा करणाऱ्या मंडळांना तात्पुरती परवानगी घ्यावी लागते. आमदाराला विधानसभेत प्रश्न विचारायचा हक्क आहे. या सगळ्याचं उत्तर आयोजकाने द्यायचं असतं. पैसा कुठून आला हे त्यालाच माहीत असतं, नाचणारीला नाही.

पण आयोजकाऐवजी अभिनेत्रीचं नाव घेतलं गेलं आणि प्रश्नाची कुजबूज झाली. हिशेब कुणी मागितला नाही. तीन दिवस चर्चा झाली ती माफी मागणार की नाही, याची.

पुढे काय झालं?

दिलगिरीच्या दुसऱ्याच दिवशी, ३१ डिसेंबरला, वाल्मिक कराड पुण्यात सीआयडीला शरण आले. पुढे आरोपपत्र दाखल झालं. खुनाच्या वेळचे फोटो समोर आल्यावर राज्यभर संताप उसळला आणि ४ मार्च २०२५ ला धनंजय मुंडे यांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला.

म्हणजे मस्साजोगचा विषय एका वादाने कायमचा झाकला गेला नाही. देशमुख यांच्या घरच्यांनी आणि गावाने तो झाकू दिला नाही. पण ज्या दिवशी एक कुटुंब बीडच्या रस्त्यावर न्याय मागत होतं, त्याच दिवशी एका बाईला मुंबईत बसून आपण कुणाच्या कोण नाही, हे सांगावं लागलं. दोघांनाही त्या दिवशी द्यावं लागलेलं स्पष्टीकरण खरं तर दुसऱ्या कुणीतरी द्यायला हवं होतं.

पुढच्या गणपतीत पुन्हा स्टेज लागेल, पुन्हा कुणी तारका येईल. तेव्हा विचारायचं असेल तर मांडव कुणाच्या पैशाने उभा राहिला, हे विचारूया.