बटणांची डबी



मे महिना तोंडावर आला की दोन तऱ्हेची पत्रं हमखास येतात. एक लोणच्यांची, दुसरी "सुट्टीत मुलांना गुंतवू कशात?" याची. या वेळी डहाणू रोडच्या एका भगिनीने जरा निराळं विचारलं आहे. त्यांच्या चर्चमध्ये दहा दिवसांची सुट्टीतली बायबल शाळा भरणार आहे. शेवटच्या दिवशी मुलांना उधवा गावाजवळच्या एका पाड्यावर कपडे वाटायला नेणार आहेत. त्या लिहितात, "मुलगी आठ वर्षांची आहे. पाठवू का? आणि गाठोड्यात काय देऊ?"

ताई, पाठवा. पण गाठोड्याबद्दल बोलायचं तर मला माझीच एक फजिती आधी सांगायला हवी.

माझा मुलगा तेव्हा नऊ वर्षांचा होता. आमच्याही चर्चची अशीच शाळा होती, आणि मी होते स्वयंपाकाच्या बाजूला. उधव्याच्या बाजूलाच एका वारली पाड्यावर आम्ही गेलो. मुलाने आपला जुना सदरा आपल्याच वयाच्या एका पोराला दिला. पोराने तो लगेच अंगात घातला. बघते तर काय, सदऱ्याला एकही बटण नाही! त्याच्या आईने काही न बोलता कुडाजवळून एक काटा आणला आणि सदऱ्याच्या दोन्ही बाजू त्यात अडकवून दिल्या. मग ती आत गेली आणि आमच्या मुलांसाठी ताडगोळे घेऊन आली. पोरं उन्हातून आली म्हणून.

परत येताना मुलाने विचारलं, "आई, माझ्या शर्टाची बटणं कुठे गेली?"

कुठे जाणार! घरी माझ्या डबीत होती. कपडा जुना झाला की बटणं कापून ठेवायची, ही माझ्या सासूबाईंची शिकवण, आणि फडकं करायचं असेल तर ती चांगलीच आहे. पण मी त्या सदऱ्याचं फडकं केलं होतं आणि मुलाच्या हातात 'सेवा' म्हणून दिलं होतं. दहा दिवस तो जे शिकला, ते मी एका कात्रीने पुसून टाकलं की हो.

तेव्हापासून माझा एक नेम आहे. जो कपडा घालून आपलं मूल शेजाऱ्यांकडे जाऊ शकत नाही, तो गाठोड्यात जायचा नाही. आणि गाठोडं मुलानेच तयार करायचं. आठ वर्षांच्या मुलीला बटण लावता येतं, मुलालाही येतं. त्याला सुई दिली म्हणून आकाश कोसळत नाही! जाड दोरा दुहेरी घ्यावा, बटणाखाली आगकाडी ठेवून टाके घालावेत, मग काडी काढून खाली दोऱ्याचे चार वेढे द्यावेत. बटण महिनोन्‌महिने हलत नाही. परकराची नाडी ओवलेली हवी, चेन चालती हवी. आपल्या भागात चिकूच्या चिकाचे डाग फार. त्यावर आधी थोडं गोडं तेल चोळून मग साबण लावावा. कपडा धुऊन, वाळवून, घडी घालून द्यावा. एक सदरा असा तयार करायला मुलाचा अख्खा तास जातो, आणि तो तासच खरा धडा आहे, वाटपाची पाच मिनिटं नव्हेत. वाटप करताना फोटो काढणाऱ्यांना तर मी सरळ हात जोडते.

या शाळांची चाल मूळची अमेरिकेतली. १८९८ साली न्यूयॉर्कमध्ये एलायझा हॉज नावाच्या बाईंनी रस्त्यावर हुंदडणाऱ्या मुलांसाठी उन्हाळ्यात असे वर्ग उघडले, आणि तेही दारूच्या गुत्त्याची जागा भाड्याने घेऊन! डहाणूकडे ब्रदरन मिशनचं काम शंभर वर्षांहून जुनं आहे आणि त्यांचं हॉस्पिटल सगळ्यांच्या परिचयाचं. १९७० साली चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालं, त्यात ब्रदरनही आले. त्यामुळे गाणी, गोष्टी, हस्तकला आणि वचनांचं पाठांतर हे सगळं आपल्या मंडळींना नवीन नाही.

पाठांतराबद्दल मात्र माझं थोडं वाकडं मत आहे. तीस वचनं घडाघडा म्हणून बक्षीस मिळवणारा मुलगा घरी भांडीवाल्या बाईंना पाणी विचारत नसेल, तर ते बक्षीस कपाटातच बरं. रात्री जेवणं आटोपली की दहा मिनिटं मुलांजवळ बसा आणि आज ऐकलेली गोष्ट त्यांनाच सांगायला लावा. योहानाच्या शुभवर्तमानात जवाच्या पाच भाकरी आणि दोन मासळ्या घेऊन आलेला मुलगा आहे ना? मी विचारते, तो डबा त्याला कोणी भरून दिला असेल? त्याने सगळाच दिला, मग स्वतःसाठी काय ठेवलं? मुलं काय काय उत्तरं देतात! येशूने शिष्यांचे पाय धुतले, ती गोष्ट झाली की दुसऱ्या दिवशी आजीचे पाय चेपायला सांगावं. नरकाची भीती घालून प्रार्थना करवून घेऊ नये. रात्री दचकून उठतात आणि निस्तरावं आपल्यालाच लागतं.

आता जरा नाजूक गोष्ट. पाड्यावरची मुलं या कार्यक्रमात बसतात, ती सगळी ख्रिस्ती नसतात. त्यांच्या आईबापांना आधी जाऊन स्पष्ट सांगावं की इथे येशूच्या गोष्टी सांगणार, प्रार्थना होणार, चालेल का? नाही म्हणाले तर मान राखावा. आणि सदरा, वही किंवा खाऊ प्रार्थनेला बसलेल्यालाच, असं कदापि होऊ नये. आपली मुलं हे बारकाईने पाहत असतात. सेवेला अट लागलेली त्यांनी एकदा पाहिली की ती देवाघेवीचा हिशेब शिकतात.

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला काम सुरू केलं आणि १९५७ मध्ये ते कोसबाडच्या टेकडीवर नेलं. पाड्यावरची मुलं शाळेत येईनात, तेव्हा शाळाच त्यांच्या अंगणात आणि गुरं चरायच्या कुरणात गेली. पानं, खडे, बिया हीच साधनं. शिबिर चालवणाऱ्यांनी एकदा कोसबाड जरूर पाहावं. आपल्या मुलांनीही पाड्यावर जाऊन नुसतं देऊ नये, काही शिकून यावं. माझ्या मुलाला ताडाच्या पानाची भिंगरी त्या काट्याच्या सदऱ्यावाल्या पोरानेच शिकवली.

उन्हाचं म्हणाल, तर कार्यक्रम सकाळी साडेदहाच्या आत उरकावा. सोबत टोपी हवीच. एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, हे छोट्या चमच्याचं माप. वर लिंबू पिळावं. डब्यात दशम्या द्याव्यात, दह्यादुधाचं काही नको. पाणी आपलं आपण न्यावं. मे महिन्यात पाड्यावरच्या बायका हंडाभर पाण्यासाठी किती चालतात, ते मुलीला दिसेलच.

आणि ताई, गाठोड्यात एक सुईदोऱ्याची पुडी आणि मूठभर बटणं टाकायला विसरू नका. माझ्या डबीतली मी तशीच संपवली.

पुढच्या आठवड्यात लोणच्याच्या बरण्या.