गेम अडखळतो, दोष नेमका कुणाचा?

परीक्षा संपल्या की घरोघरी एक मागणी पुढे येते, ‘अब्बू, गेम अडकतोय, नवा प्रोसेसर घ्या ना!’ प्रोसेसर बदलायचा तर पुष्कळदा मदरबोर्ड आणि रॅमही बदलावी लागते. सोयाबीन-कपाशीच्या पैशावर वर्ष काढणाऱ्या आपल्या जिल्ह्यातल्या घरांना हा खर्च लहान नाही. म्हणून आमचे सांगणे एवढेच: आधी चाचणी, मग खरेदी.

गेम चालताना दोघे राबत असतात. कोण कुठे पळाला, गोळी कुणाला लागली, हा सगळा हिशेब प्रोसेसर करतो. ग्राफिक्स कार्ड त्याचे चित्र रंगवते. सेकंदाला ६० चित्रे हवी असतील, तर एका चित्राला जेमतेम १६.७ मिलिसेकंद मिळतात. दोघांपैकी जो मागे पडेल, त्याच्याच चालीने गेम चालतो.

मागे कोण पडतो हे घरीच कळते. विंडोज आणि जी ही बटणे एकदम दाबली की गेम बार उघडतो. त्यात सेकंदाला किती चित्रे येतात तो आकडा दिसतो. व्ही-सिंक बंद करा, बाकीचे प्रोग्राम मिटवा. गेममधला एकच प्रसंग तीनदा खेळून आकडे वहीत लिहा. सरासरीबरोबर सर्वांत खाली आलेला आकडाही लिहा, कारण अडखळणे त्यातच दिसते.

आता रिझोल्यूशन १९२० × १०८० वरून १२८० × ७२० वर आणा. चित्रातले ठिपके २०,७३,६०० वरून ९,२१,६०० होतात. रंगवणाऱ्याचे काम निम्म्याहून कमी झाले, हिशेब करणाऱ्याचे जवळपास तेवढेच राहिले. आता वेग चांगला वाढला, तर अडथळा ग्राफिक्सचा होता. नवा प्रोसेसर घेऊन फारसे काही साधणार नाही. वेग तिथेच राहिला, तर संशय प्रोसेसरवर.

पण निकाल देण्याआधी ऊन लक्षात घ्या. बुलढाणा, चिखली, मेहकर घाटावर. मलकापूर, नांदुरा, शेगाव घाटाखाली. तिथे मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो. प्रोसेसर फार तापला की स्वतःला वाचवण्यासाठी आपला वेग कमी करतो. पंख्यात धूळ बसलेली असेल तर आणखीच. तेव्हा यंत्र बंद करून धूळ झाडा आणि तीच चाचणी एकदा दुपारी, एकदा रात्री करा. रात्री वेग वाढला, तर इलाज साफसफाईत आणि हवेशीर जागेत आहे. लॅपटॉप असेल तर चाचणी चार्जर लावूनच करा; बॅटरीवर तो मुळातच मंद चालतो.

ही वही मुलांनाच लिहू द्या. हट्टाच्या जागी पुरावा मांडायची सवय त्यांना लागेल. आणि एवढे सगळे करूनही आकडे प्रोसेसरकडेच बोट दाखवत असतील, तर ‘नाही’ म्हणण्याआधी मोठ्यांनीही ती वही नीट वाचावी.