कुऱ्हाड की आधार?

चैत्र लागला की वऱ्हाडच्या आकाशाचा भरवसा उरत नाही. दुपारपर्यंत ऊन रखरखत असते. दिवस कलताच ढगांची गर्दी होते आणि अवकाळी पावसाच्या सरींबरोबर असा वारा सुटतो, की घरावरील पत्रे आणि झाडांच्या फांद्या एकाच वेळी भुईवर येतात. ९ एप्रिल २०२३ च्या रविवारी पारस येथे असाच वारा सुटला होता. शेगावहून अकोल्याकडे जाणाऱ्या लोहमार्गावर हे गाव लागते. तेथील बाबूजी महाराज संस्थानात आरतीसाठी भाविक जमले होते. पाऊस आला म्हणून ते पत्र्याच्या निवाऱ्याखाली आले आणि त्याच निवाऱ्यावर एक जुना कडुनिंब कोसळला. सात जण प्राणांस मुकले. अनेक जखमी झाले. ज्या झाडाची सावली गावाने वर्षानुवर्षे भोगली, तेच गावावर पडले.

अशा दुर्घटनेनंतर आपल्याकडे दोन प्रकारचे उद्गार ऐकू येतात. एक म्हणतो, दैवापुढे इलाज नाही. दुसरा म्हणतो, जुनी झाडे धोक्याचीच. ती तोडून टाका. पहिला उद्गार हयगयीवर पांघरूण घालतो. दुसरा वैशाखातील उन्हात शेगावच्या रस्त्याने अनवाणी चालत येणाऱ्या वारकऱ्याच्या डोक्यावरील छत्र काढून घेतो. हयगय आणि कुऱ्हाड यांखेरीज एक तिसरा मार्ग आहे, तो म्हणजे झाडाची परीक्षा करून, जेथे शक्य असेल तेथे त्यास आधार देण्याचा. त्याकडे आमच्या नगरांचे लक्ष अद्याप पुरेसे गेलेले नाही, असे आम्हांस खेदाने म्हणावे लागते.

हा मार्ग परदेशातून आणावयाचा आहे असेही नाही. फळांच्या भाराने वाकलेल्या संत्र्याच्या फांदीखाली विदर्भातील बागाईतदार बांबूचा टेकू लावतो. घड धरलेल्या केळीला शेतकरी आधार देतो. बोधगयेच्या बोधिवृक्षाच्या पसरलेल्या फांद्या लोखंडी खांबांवर तोलून धरलेल्या आहेत. तेलंगणातील महबूबनगरजवळच्या प्रसिद्ध वटवृक्षाची मोठी फांदी २०१७ साली मोडून पडली, तेव्हा वाळवीवर औषधोपचार करून त्याच्या जड फांद्यांखाली खांब उभारण्यात आले. जपानातील कानाझावा नगरीच्या उद्यानात तर हिमाच्या भाराने फांद्या मोडू नयेत म्हणून दरवर्षी नोव्हेंबरपासून झाडांना दोरांनी सावरून धरतात.

आधार देण्याच्या शास्त्रात गूढ असे काही नाही. दोन सारख्या जाडीचे बुंधे अरुंद बेचक्यातून फुटले आणि त्यांच्यामध्ये साल दबून राहिली, म्हणजे ती जागा दिसावयास भक्कम, परंतु आतून दुबळी असते; लाकूड लाकडाशी जुळलेले नसते. वाऱ्याने दोन्ही बुंधे विरुद्ध दिशांना झुलले, की नेमके तेथेच झाड उभे चिरते. अशा बेचक्यापासून शेंड्यापर्यंतच्या उंचीच्या सुमारे दोन तृतीयांशावर दोन्ही बुंधे पोलादी दोराने एकमेकांशी जोडतात. बेचके आधीच चिरू लागले असेल, तर त्यातून आरपार सळई घालून दोन्ही बाजूंनी ती आवळतात. लांब आडव्या फांदीला खालून खांबाचा टेकू देतात. आणि या सर्वांच्या आधी, तज्ज्ञाच्या हातून छाटणी करून शेंड्याकडील भार हलका करतात.

येथे एका चुकीविषयी सावध करणे अवश्य आहे. झाडाला आधार द्यावयाचा म्हणून बुंध्याभोवती तार गुंडाळणे म्हणजे त्याच्या गळ्याला फास लावणे होय. सालीच्या लगत आतून झाडाचा अन्नरस वाहतो. बुंधा जाड होऊ लागला, की तार सालीत रुतते आणि तो प्रवाह तोडते. म्हणून लाकडात कडीचा बोल्ट बसवून त्यात दोर अडकवितात. त्या छिद्राची जखम झाड सोसते, तारेचा फास सोसत नाही. रोषणाईच्या माळा, फलक आणि मंडपाच्या दोऱ्या यांसाठी झाडांवर खिळे ठोकणाऱ्या व तारा आवळणाऱ्या सर्वांनी हे ध्यानी घ्यावे.

पोलादी दोर हा रामबाण उपाय आहे, असेही आम्ही म्हणत नाही. पारसचा तो कडुनिंब दोराने वाचला असता, असा दावा आम्ही करणार नाही. बुंधा पोखरला असेल किंवा मुळेच कुजली असतील, तर वरचा दोर व्यर्थ आहे. तेथे झाड उतरविणे हेच शहाणपण होय. मुळे का कुजतात, हाही प्रश्न आहेच. रस्ता रुंद करताना एका बाजूची मुळे तोडावयाची, उरलेल्या मुळांवर सिमेंटचा थर ओतावयाचा, आणि मग झाड पडले म्हणजे वाऱ्याला दोष द्यावयाचा, हा न्याय नव्हे. बुंध्याभोवतीचा मीटरभर भाग काँक्रीटमुक्त करावा, असा आदेश राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने दिल्लीपुरता २०१३ सालीच दिला होता. त्याचे अनुकरण करण्यास कोणाची आडकाठी आहे?

कायदा नाही, ही सबबही चालणार नाही. महाराष्ट्रातील नागरी क्षेत्रांतील झाडांच्या संरक्षणाचा कायदा १९७५ चा आहे. वृक्ष प्राधिकरण नेमणे व दर पाच वर्षांनी वृक्षगणना करणे त्यात सांगितले आहे. २०२१ च्या दुरुस्तीने ५० वर्षे व त्याहून अधिक वयाच्या झाडास ‘वारसा वृक्ष’ ही प्रतिष्ठा दिली. परंतु झाडे मोजणे निराळे आणि ती तपासणे निराळे. शिवाय हा कायदा नागरी क्षेत्रांपुरता आहे, आणि पारस हे गाव आहे. गावदेवळाच्या अंगणातील वड-पिंपळ कोणी तपासावयाचे, याचे उत्तर शासनाने दिले पाहिजे.

शेगावास आम्ही हे आग्रहाने सांगतो, यास कारण आहे. श्री गजानन महाराजांच्या समाधीच्या दर्शनासाठी येथे वर्षभर जनसागर लोटतो. आषाढी करून पंढरपूरहून परतणाऱ्या पालखीबरोबर खामगावपासून अपार जनसमुदाय पायी चालत येतो. यांतील थकलेला प्रत्येक जीव झाडाची सावली पाहून टेकतो. ती सावली निर्धोक असावी, एवढीच आमची मागणी आहे. नगरपरिषदेने दरवर्षी होळीपूर्वी रस्ते, शाळा, बाजार व देवळे यांजवळील जुन्या झाडांची जाणकारांकडून तपासणी करून घ्यावी. प्रत्येक झाडापुढे छाटणी, आधार की तोड, हा निर्णय नोंदवून ती यादी जाहीर करावी. आधार दिलेल्या झाडांचे दोर व टेकू दरवर्षी पुन्हा पाहावेत. स्वच्छता आणि शिस्त यांसाठी ख्यातनाम असलेले श्री संस्थान, तसेच रेल्वे प्रशासन, आपापल्या आवारात हाच पायंडा पाडतील, असा आम्हांस विश्वास वाटतो.

एका झाडाच्या आधारास लागणारा खर्च फार मोठा नाही. मोठे झाड वाढविण्यास दोन पिढ्या लागतात, आणि गेलेला माणूस तर कोणत्याही खर्चाने परत येत नाही. पारसच्या सात मृतांचे स्मरण ठेवावयाचे असेल, तर पुढच्या चैत्रातील वारा सुटण्यापूर्वी हे काम हाती घ्यावे.