प्रयोगशाळेत ढोलकी हवी

आम्ही इतिहासाचे शिक्षक. विज्ञानाचे सहकारी रजेवर असताना नववीचा ध्वनीचा पाठ आमच्या वाट्याला आला आणि वर्गात ढोलकी आणावी असे आम्हांस वाटले. एका ज्येष्ठ पालकांनी हरकत घेतली. १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर वाडवडिलांनी जे गळ्यातून उतरवले, ते पोरांच्या हाती पुन्हा कशाला, असा त्यांचा सवाल होता.

हा आक्षेप हलका नव्हे. आपल्या कोकणात पालखीपुढे वाजवण्याचे काम जातीने लादलेले होते. ते टाकले हे योग्यच झाले. परंतु टाकायची होती ती वेठ, विद्या नव्हे. स्वतः बाबासाहेब उतारवयात व्हायोलिन शिकत होते.

दोरीला दगड बांधून हलका झोका दिला की तो मधल्या स्थितीच्या दोन्ही बाजूंना ये-जा करतो, हेच दोलन. दोरी एक मीटर असेल तर एका दोलनास सुमारे दोन सेकंद लागतात, मग दगड जड असो वा हलका. ढोलकीचे कातडेही असेच दोलन करते, मात्र सेकंदाला शेकडो वेळा. ते शेजारची हवा ढकलते, ती पुढच्या हवेला. हवा जागच्या जागी मागेपुढे होते. लाट तेवढी सेकंदाला सुमारे ३४० मीटर वेगाने पुढे जाते. अखेर कानाच्या पडद्याला हवाच स्पर्श करते. वाजवणाऱ्यास देवळाच्या पायरीखाली उभे करणाऱ्यांनाही हा स्पर्श होतच होता! हे सांगितले तेव्हा मुले आधी हसली, मग गप्प झाली.

साध्या ताणलेल्या कातड्यातून मूळ स्वरासोबत निघणारे वरचे स्वर १.५९, २.१४, २.३० अशा आडनिड्या पटींत येतात, म्हणून त्याचा नाद सुरेल लागत नाही. तबला-मृदंगावरची काळी शाई कातड्याच्या मध्याला वजन देते आणि तेच स्वर जवळजवळ दुप्पट, तिप्पट, चौपट असे जुळून येतात. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी शिवकाली कुमार यांच्यासह हे १९२० मध्ये ‘नेचर’ नियतकालिकात मांडले आणि १९३४ मध्ये त्यावर पुन्हा सविस्तर लिहिले. रामन यांचे नाव मुलांना ठाऊक आहे, असावेच. पण लोहचूर्ण आणि खळ यांचा लेप थरावर थर देत, दगडाने घोटत, कानाने पारखत ज्यांनी ही शाई पिढ्यान्‌पिढ्या घडवली, ज्यांनी त्यासाठी कातडी कमावली, त्यांची नावे इतिहासाच्या एवढ्या वाचनात आम्हांस कुठे भेटली नाहीत. आमच्या विषयाची ही उणीव आम्ही मान्य करतो.

म्हणून माजी विद्यार्थ्यांना विनंती आहे. कोणाच्या माळ्यावर जुनी ढोलकी, मृदंग वा टिमकी पडून असेल तर ती शाळेच्या प्रयोगशाळेला द्यावी. पुडी फुटलेली असली तरी चालेल. सोबत एका कागदावर ती कोणी मढवली आणि कोणी वाजवली, हे आठवेल तेवढे लिहून द्यावे.