शोधनिबंधाचा वाली कोण?

जबलपूर शहरात एकीकडे गोरखपूरसारखी बाजाराने गजबजलेली वस्ती आहे, तर दुसरीकडे छावणीच्या बाजूस बडा शिमला नावाची टेकडी. या टेकडीवर १८२८ साली विल्यम स्लीमन याला दगड झालेली काही हाडे सापडली. ठगांच्या बंदोबस्तामुळे पुढे गाजलेला हा अधिकारी भूवैज्ञानिक नव्हता; हाडे टाकून न देता त्याने ती जाणकारांच्या हाती पोचू दिली, एवढेच त्याचे श्रेय. हाडे हस्ते-परहस्ते कलकत्त्यास गेली. १८७७ मध्ये रिचर्ड लिडेकर याने त्या प्राण्यास ‘टायटॅनोसॉरस इंडिकस’ हे नाव दिले आणि भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या नियतकालिकात ते प्रसिद्ध झाले. भारतात सापडलेला हा पहिला डायनोसॉर. पुढे हाडांचा पत्ता लागेना. २०१२ मध्ये धनंजय मोहबे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कलकत्त्याच्या संग्रहातून त्यांतील शेपटीचा एक मणका हुडकून काढला व २०१३ मध्ये ‘करंट सायन्स’ या नियतकालिकात त्याची हकीकत मांडली. ओळख पटली ती जुन्या छापील वर्णनांच्या आणि चित्रांच्या आधाराने. मधल्या काळात, २००३ मध्ये, दोन अभ्यासकांनी लिडेकरने दिलेले नावच शास्त्रीय कसोटीवर टिकत नाही, असे दाखवून दिले होते. त्यामुळे लिडेकरची अप्रतिष्ठा झाली नाही. त्याने जे पाहिले ते कोठून आले आणि कसे दिसले हे नोंदवून ठेवले होते. म्हणूनच त्याला चूक ठरवणे शक्य झाले.

संशोधनपर नियतकालिकाचे कर्तव्य याहून वेगळे काय असते? आज जे छापायचे ते शंभर वर्षांनी येणाऱ्या अनोळखी वाचकास तपासता यावे, खोडता यावे. लेखक, परीक्षक आणि संपादक हे तिघेही त्या वाचकाचे देणेकरी असतात. चूक हा या व्यवहारातील अपराध नव्हे. चुकीची वाट बुजवून टाकणे हा अपराध होय.

ही वाट कशी बुजवली जाते, याचे उदाहरण हिमालयाने पाहिले आहे. पंजाब विद्यापीठातील विश्वजित गुप्ता यांनी सुमारे पंचवीस वर्षे हिमालयातील जीवाश्मांवर निबंधांमागून निबंध प्रसिद्ध केले. त्यांची संख्या तीनशेच्या वर गेली. १९८९ मध्ये ऑस्ट्रेलियाचे जॉन टॅलेंट यांनी ‘नेचर’मध्ये जाहीरपणे सांगितले, की यांतील कित्येक जीवाश्म हिमालयातले नसून न्यूयॉर्क, मोरोक्को अशा दूरदेशींचे आहेत. विद्यापीठाच्या चौकशीत दोष सिद्ध झाला. नोकरी मात्र निवृत्तीपर्यंत टिकली. गुप्तांच्या दोषाची चर्चा पुष्कळ झाली. ज्या संपादकांनी ते निबंध छापले आणि ज्या सहलेखकांनी स्थळ न पाहता आपले नाव त्यांखाली घातले, त्यांना मात्र कोणी फारसे विचारले नाही. नाव उसने देणे हे आपल्या विद्वत्सभेत सौजन्याचे लक्षण मानले जाते.

गुप्तांना निदान जीवाश्म दाखवावे लागत होते. त्यानंतरच्या पिढीस तेवढेही कष्ट उरले नाहीत. २००९ च्या नियमांनी पीएच.डी.चा प्रबंध सादर करण्यापूर्वी एक निबंध छापून येणे सक्तीचे केले. २०१० पासून प्राध्यापकांच्या नेमणुका व बढत्या गुणांच्या बेरजेशी जोडल्या गेल्या. हेतू चांगला असेल. पण निबंध वाचण्याऐवजी मोजणे अधिकृत झाले, त्या दिवशी मोजण्यापुरते निबंध तयार करून देणाऱ्यांचे दुकान उघडले. शुल्क भरा, आठवड्यात छापून घ्या. मुखपृष्ठावर आयएसएसएन झळकतो आणि तो पाहून निवड समित्या समाधान पावतात. वस्तुतः तो नियतकालिकाची ओळख पटविणारा आठ अंकी क्रमांक आहे. घराला क्रमांक असला म्हणजे घरात सज्जन राहतात असे ठरत नाही.

यावर उपाय म्हणून विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१७ मध्ये मान्य नियतकालिकांची यादी काढली आणि विद्यापीठांकडून तीत भर घालण्यासाठी शिफारशी मागविल्या. पुण्याच्या सावित्रीबाई फुले विद्यापीठातील भूषण पटवर्धन आणि सहकाऱ्यांनी या शिफारशींतून आलेली नियतकालिके तपासली. मान्यवर सूचींत ज्यांची नोंद नव्हती, अशांपैकी शेकडा ८८ हून अधिक हलक्या प्रतीची असावीत, असा निष्कर्ष त्यांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केला. तोही, योगायोगाने, ‘करंट सायन्स’मध्येच. त्याच वर्षी मे महिन्यात आयोगाने ४३०५ नियतकालिके यादीतून वगळली. हे वाचताना दृष्टी बाजारातील लुच्च्यांकडे जाते, पण शिफारशी कोणी केल्या होत्या? विद्यापीठांनी. म्हणजे कुलगुरूंच्या, विभागप्रमुखांच्या, अभ्यास मंडळांच्या विद्वानांनी. त्या चार हजारांपैकी एकाही शिफारशीखालील सहीचा जाब कोणास विचारल्याचे ऐकिवात नाही.

पुढे पुण्यातूनच ‘केअर’ ही नवी यादी तयार होऊ लागली. तिचे काम अधिक सावधपणे झाले, हे मान्य केले पाहिजे. पण यादीला मोल आले तसे तोतयेही आले. पानिपतानंतर सदाशिवरावभाऊंचा तोतया उभा राहिला, तशी छापील नियतकालिकांची नावे आणि क्रमांक चोरून खोटी संकेतस्थळे उभी राहिली. वर्षानुवर्षे पदरमोड करून अंक काढणाऱ्या संपादकास आपल्याच नावाने कोणी तिसराच शुल्क उकळतो आहे, हे परक्याकडून कळावे, याहून मोठी विटंबना कोणती? अखेर २०२५ च्या फेब्रुवारीत आयोगाने ही यादी बंद केली, काही निकष सुचविले आणि निवडीचा भार संस्थांवर टाकला.

तेव्हापासून यादी परत आणा, असा घोष चालू आहे. तो करणाऱ्यांची अडचण खरी आहे. कंत्राटी तत्त्वावर, तासिकांच्या मानधनावर राबणाऱ्या तरुण अध्यापकास कोणी तरी ठाम उत्तर हवे असते. त्याच्यावर नीतीचे शिंतोडे उडविणे सोपे आहे. पण त्याने पैसे भरून छापलेला निबंध ज्यांनी मुलाखतीत न उघडता मोजला, त्यांची नीती कोणी तपासायची? यादी आली तर या मंडळींची न वाचण्याची सोयच तेवढी परत येईल.

मराठीत तर ही सबब मुळीच चालू नये. १८९८ मध्ये राजवाड्यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड काढला, १९१० मध्ये भारत इतिहास संशोधक मंडळ उभे राहिले, ते कोणत्या आयोगाच्या गुणांसाठी? कागद कोणाच्या दप्तरातला, हे सांगितल्यावाचून विधान करायचे नाही, ही शिस्त या भाषेत कोणत्याही अधिनियमाआधी रुजली होती. आज त्याच भाषेत चर्चासत्राचे सर्व निबंध एका ‘विशेषांकात’ सरसकट कोंबले जातात. संपादक मंडळावर ज्यांची नावे असतात, त्यांतील कित्येकांनी तो अंक उघडलेलाही नसतो. साहित्याचा विद्यार्थी ग्रंथालयात हाच अंक प्रमाण मानून उतारे घेतो.

२०२२ च्या नियमांनी पीएच.डी.साठी निबंध छापण्याची सक्ती काढून टाकली. अध्यापकांच्या नेमणुकांतही असेच पाऊल उचलता येईल. उमेदवाराने आपला एकच निबंध, स्वतः निवडलेला, द्यावा. समितीच्या प्रत्येक सदस्याने तो वाचून आपले मत सहीनिशी लिहावे आणि ते मत विद्यापीठाच्या ग्रंथालयात कोणासही पाहता येईल असे ठेवावे. यास वेळ लागेल, अशी तक्रार येईल. जबलपूरच्या हाडांना नाव मिळण्यास एकोणपन्नास वर्षे लागली होती.